लॉर्नाची तांब्याची गोळी

"तांब्याची आहे का?" लॉर्ना कोस्कीने विचारलं, तेव्हा काउंटरला टेकून दुकानाची फुकटची कॉफी पिणारे तिघं एकदम गप्प झाले. त्यांतला एक तिचा नवरा होता.

"काय तांब्याची?" मी म्हणालो. मला कळलं होतं. पण बाई काउंटरवर आली की तिच्याकडून दोनदा वदवून घ्यायची मला खोड होती.

"गोळी. थर्टी-ऑट-सिक्स रायफलीची. आत शिसं नसलेली, सबंध तांब्याची."

"तांब्याचे नळ मागच्या रांगेत आहेत," तिचा नवरा गॉर्डी म्हणाला, आणि बाकीचे दोघं हसले. मीही हसलो.

गॉर्डीला चाळीस वर्षांत हरणाच्या बाबतीत एकच गोष्ट नीट जमलेली होती. दुसऱ्याने मारलेल्या हरणाशेजारी गुडघा टेकून फोटो काढून घेणं. आमचं गाव अशा पुरुषांनी भरलेलं आहे. नोव्हेंबरातले नऊ दिवस शिकारी आणि उरलेलं वर्षभर शिकाऱ्यासारखे बोलणारे. आपल्या बंदुकीच्या नळीला कुठली गोळी मानवते हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं. ज्या खोक्यावरच्या हरणाची शिंगं मोठी, तो खोका ते उचलतात. सव्वीस वर्षं मी त्यांना ते खोके विकत होतो. मी त्यांच्याहून वेगळा नव्हतो, फक्त काउंटरच्या आतल्या बाजूला होतो.

लॉर्ना वेगळी होती. बावीस हिवाळे ती घरामागच्या शेडमध्ये अर्ध्या गावाची हरणं सोलत, कापत आणि खिमा करत आली होती. कुणाची गोळी फुफ्फुसात लागली आणि कुणाची मागच्या फऱ्यात, हे तिच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. आणि ती ते कधी बोलत नसे. बोलली असती तर निम्म्या गावाची मान खाली गेली असती.

मी वरच्या फळीवरून एक धूळ बसलेला खोका काढला. एकशे ऐंशी ग्रेन वजनाची, जड गोळी. तांबं शिशापेक्षा हलकं असतं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. त्यापेक्षा हलकी घ्यावी, ती वेगात जाते आणि लागली की नीट उमलते. आधी नळी घासून लख्ख करावी, मग नेम नव्याने बसवावा. हे सगळं मला पाठ होतं. सांगितलं नाही. गॉर्डी हसत होता, आणि मला त्याच्याबरोबर हसायचं होतं.

चार दिवसांनी ती परत आली. दुकानात कुणी नव्हतं. तिने नेमाचा कागद काउंटरवर पसरला. भोकं कागदभर विखुरली होती, दोन तर चौकटीबाहेर.

"बंदूक ठीक असेल," मी म्हणालो. "हात तपासून घे."

"कारखान्याला फोन केला मी," ती शांतपणे म्हणाली. "तिथल्या मुलीने दोन मिनिटांत सांगितलं. हलकी घ्या, नळी घासा, दोन-तीन जाती मारून बघा, नळी स्वतःच सांगेल. तुला इथे पगार कशाचा देतात, ऑर्व्ह?"

आम्ही एका वर्गात शिकलो. शाळेतही तिने मला एवढं एका दमात कधी सुनावलं नव्हतं. मी मुकाट्याने दीडशे ग्रेनच्या दोन जाती मागवल्या. पुढचे दोन आठवडे ती रोज दुपारी खडीच्या खाणीत जाऊन गोळ्या झाडत होती. एका जातीने शंभर यार्डांवर तीन भोकं अशी पाडली की अंगठ्याखाली झाकावीत. तेव्हा तिने दुसऱ्या जातीचा उरलेला खोका मला परत आणून दिला.

त्याच वेळी तिने खिशातून दोन गोळ्या काढल्या. पाण्याने भरलेल्या कॅनच्या रांगेत मारून परत मिळवलेल्या. एक तिची, एक गॉर्डीची. तांब्याची पुढून चार पाकळ्यांनी उमलली होती, बाकी सबंध. गॉर्डीची म्हणजे चुरगळलेलं कवच आणि तळाला शिशाचा एक थेंब.

"वजन कर."

मागच्या खोलीतल्या काट्यावर मी केलं. तांब्याची दीडशेची एकशे एकोणपन्नास भरली. गॉर्डीची एकशे ऐंशीची नव्वदच्या आत.

"उरलेली अर्धी कुठे गेली?" तिने विचारलं.

"पाण्यात."

"पाण्यात. आणि हरणात मारली की?"

मग तिने सांगितलं. तिची नात नोरा दीड वर्षाची. दवाखान्यात नेहमीच्या तपासणीत पोरीच्या रक्तात शिसं निघालं. फार नाही, पण असायला नको तेवढं. घर नवं, रंग नवा, पाणी स्वच्छ. नर्सने विचारलं, ही खाते काय? तर आजीने पाठवलेला हरणाचा खिमा. लॉर्नाने फ्रीजरमधली सहा पाकिटं उचलली आणि जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन त्यांचे एक्स-रे काढून घेतले. चार पाकिटांत पांढरे ठिपके. साखरेच्या कणाएवढे, काही त्याहून बारीक.

"जखमेभोवतीचं मी नेहमी कापून टाकते," ती म्हणाली. "चार बोटं सोडून. मला वाटायचं पुरतं."

"डॉक्टर म्हणाले का, त्यानेच झालं म्हणून?"

"म्हणाले, असू शकतं. मला तेवढं पुरे. ते मांस मी माझ्या हाताने दळलं, ऑर्व्ह."

दुसऱ्या दिवशी तिच्या शेडवर पाटी लागली. यंदापासून फक्त तांब्याच्या गोळीने मारलेली हरणं घेतली जातील.

गावाने काय करावं? गाव हसलं. सकाळच्या कॉफीला आता विषय मिळाला. गॉर्डी तर रोज नवा विनोद घेऊन यायचा. स्वतःच्या बायकोवर हसणारा नवरा जितका केविलवाणा दिसतो तितका तो दिसत होता, पण त्याला सांगणार कोण?

"आमचे बाप शिसं खाऊन नव्वद वर्षं जगले," तो म्हणायचा. त्याचा बाप एकसष्टाव्या वर्षी गेला होता. तिथे बसलेल्या प्रत्येकाने त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता, आणि प्रत्येकाने मान डोलावली. "तांबं म्हणजे सुई. आरपार जाईल आणि हरिण कॅनडात पोचेल."

"तुझी नात बरी आहे का आता?" मी एकदा विचारलं.

"ठणठणीत आहे. डॉक्टरांना काहीतरी सांगावंच लागतं." कॉफीचा कप त्याने आमच्याकडे न बघता खाली ठेवला.

शनिवारी मोसम उघडला. मी कोस्कींच्याच जंगलात, दलदलीच्या अलीकडे बसलो होतो. नऊच्या सुमाराला लॉर्नाच्या मचाणावरून एकच बार ऐकू आला. मी गेलो तोवर गॉर्डी आधीच पोचला होता, आणि बर्फात रक्त नाही म्हणून खूश होता.

"पळालं ना? सांगत होतो की नाही?"

लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिथे हरिण उभं होतं तिथे जाऊन ती वाकली, बर्फावर पडलेले हरणाचे केस पाहिले, आणि पावलं मोजत चालू लागली. वीस पावलांवर रक्ताचा पहिला शिंतोडा, पुढे तर सडाच. बासष्टाव्या पावलाला झुडपात मादी पडलेली. तिने पोट फाडलं तर दोन्ही फुफ्फुसं फुटलेली, फासळीत गोळी येण्या-जाण्याची दोन भोकं, भोवतालचं मांस स्वच्छ. गॉर्डीने ते बघून नाक ओढलं. "नशीब," तो म्हणाला, आणि मादी ओढायला हात न लावता परत गेला. मी आणि तिने ओढली.

त्या दुपारी मलाही मिळालं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, तीस पावलांवर, खांद्यात. माझ्या रायफलीत शिशाची गोळी होती. इतकं सगळं कळून. नवा नेम कोण बसवत बसणार, एवढंच कारण. याला आळस म्हणतात. दुसऱ्यात असता तर मी त्यावर आठवडाभर हसलो असतो.

गॉर्डी आणि त्याचे सोबती आपली हरणं चाळीस मैलांवरच्या कसायाकडे घेऊन गेले. मी माझं सोमवारी लॉर्नाकडे नेलं. पाटी वाचत नाही असं दाखवत पिकअप शेडला लावली. बावीस वर्षं तीच माझी हरणं कापत होती, आणि शेवटी त्या दोन गोळ्यांचं वजन तर मीच केलं होतं. माझ्यासाठी नियम वाकेल याची मला खात्री होती.

ती बाहेर आली. ॲप्रन कोरा होता. तिने ताडपत्री उचलली, खांद्यातली जखम पाहिली. हात लावला नाही.

"शिसं?"

"हो. पण बघ, अगदी पुढे लागलीय. मागचे फरे—"

"नाही घेणार."

"लॉर्ना, आत एकच हरिण टांगलंय."

"हो."

"तेही तुझंच."

"हो."

"दरवर्षी या सोमवारी इथून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग असते."

"मला माहीत आहे काय असतं ते," ती म्हणाली. तिने ताडपत्री परत नीट ओढली आणि कोपरे खोचले. जणू आत कुणी झोपलं होतं. "तुझं घेतलं तर उद्या गॉर्डीला नाही कसं म्हणू?"

"गॉर्डीचा खिमा नोराकडे जाईल?"

"नोराच्या आईने, आमच्या क्रिस्टाने, बापाला सांगितलंय, मांस आणू नकोस. तरी तो नेणार. ती दारातूनच परत देणार." तिने हात ॲप्रनला पुसले, जरी पुसण्यासारखं काही नव्हतं. "जा, ऑर्व्ह. गोठायच्या आत काप."

मी ते घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. बायको, आर्डिस, काही न विचारता टेबलावर प्लास्टिक अंथरून बाजूला झाली. मी खांद्यापासून सुरुवात केली. काळंनिळं झालेलं सगळं कापून बादलीत टाकलं. मग चार बोटं सोडून अजून. मग मला ते पांढरे ठिपके आठवले आणि मी वीतभर मागे गेलो. मांस तिथे लालभडक, स्वच्छ होतं. बोटांनी चाचपलं, खिडकीजवळ नेऊन उजेडात धरलं. काही दिसत नव्हतं. काही दिसणारच नव्हतं. मान गेली, पुढच्या फासळ्या गेल्या, पाठीचा पुढचा तुकडा गेला. दुपार झाली तेव्हा दुसरी बादली भरत आली होती आणि ताटात मागचे दोन फरे होते.

"बास ना आता?" आर्डिसने विचारलं.

"माहीत नाही."

बादल्या मी मागच्या दाराने नेल्या. एरवी झाडीच्या कडेला ओतून मोकळा झालो असतो. पण पाइनच्या शेंड्यावर एक गरुड येऊन बसला होता आणि त्याच्या खाली कावळे. ओतलं असतं तर त्यातलं शिसं त्यांच्या पोटात गेलं असतं, म्हणून मी बादल्या खाली ठेवल्या. मग कुदळ आणायला गेलो. नोव्हेंबरात आमच्याकडची जमीन दगड झालेली असते. आर्डिस कोट घालून बाहेर आली आणि बादल्यांपाशी राखणीला उभी राहिली. पहिला घाव जमिनीवर नुसता वाजला.