काचेपलीकडचा शेजारी

तनुजाच्या पायाला भिंगरी आहे, असे तिच्या वाशीमच्या आईचे म्हणणे होते, आणि आई ते कौतुकाने म्हणत नव्हती. हिंजवडीत नोकरी लागल्यापासून पोरीने एक दिवाळी धड घरी काढली नव्हती. रजा मंजूर झाली की कॅमेरा पाठीवर आणि स्वारी बाहेर. लडाख, हंपी, कच्छचे रण, बनारस, पुन्हा बनारस. फोटो वाईट येत नसत. घाटावरचा साधू, रणातली उंटांची रांग, पहाटेच्या धुक्यातली नाव, सगळे कसे जागच्या जागी. अडचण एवढीच होती की हेच साधू आणि हेच उंट तिच्या आधी हजार जणांनी टिपले होते, आणि ही गोष्ट तिला स्वतःलाही कळत होती. म्हणूनच बहुधा ती एका गावाहून आली की दुसऱ्या गावाचे तिकीट काढायची.

तोंडावर सांगणारा माणूस नारायण पेठेत भेटला. दत्तप्रसाद सर तिथे शनिवारी फोटोग्राफीचा वर्ग घेत. वर्षातून एकदा वर्गाचे प्रदर्शन भरे आणि त्यात जागा मिळवायची तर सरांच्या चाळणीतून निघावे लागे. दोनदा तनुजा त्या चाळणीत अडकली होती. यंदा तिने बनारसचे फोटो टेबलावर मांडले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि शांतपणे विचारले, "न गेल्यासारखं झालं, तर रेल्वे पैसे परत देते का हो?"

वर्गात हशा पिकला. तनुजाही हसली, कारण न हसून सांगणार कुणाला. मग सरांनी प्रदर्शनाचा विषय जाहीर केला: 'रोजचं'. प्रत्येकाने दहा फोटो आणायचे, रोज जिथून जातो तिथले, आणि त्यासाठी रजा टाकायची नाही. ही शेवटची अट सांगताना त्यांनी तनुजाकडे बघितले.

आता तनुजाचे रोजचे म्हणजे काय, तर कंपनीची बस. ती राहायची मांजरीला, जिथे मागच्या दहा-बारा वर्षांत उसाच्या जागी इमारती उगवल्या होत्या, आणि कामाला जायची हिंजवडीला. शहराचे एक टोक ते दुसरे टोक. जाताना दोन तास, येताना त्याहून जास्त. हा सगळा वेळ ती आजवर झोपण्यात किंवा पुढच्या सहलीची हॉटेले शोधण्यात घालवत आली होती. खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही असेल, अशी शंका तिला कधी शिवली नव्हती.

पहिले काही दिवस हाती धुपाटणेच आले. ती कधी डावीकडे बसे, कधी उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागची जागा मिळावी म्हणून एका बाईशी भांडलीसुद्धा. घरी येऊन पाहावे तर नुसती वाहने. चिडून तिने एकदा कॅमेरा पलंगावर फेकला आणि मग धावत जाऊन तो फुटला नाही ना हे बघितले. तिला काही सुचेना, आणि बसमध्ये तर उठून चार पावले चालताही येत नाही.

मग एका सकाळी वाकडच्या अलीकडे वाहतूक ठप्प झाली. शेजारी दुसऱ्या कंपनीची बस येऊन उभी राहिली, हाताच्या अंतरावर. तिच्या खिडकीतली मुलगी काजळ घालत होती. बस जरा हलली की तिचा हात हवेत थांबायचा, बस थांबली की पुन्हा डोळ्याकडे जायचा. तिच्या मागच्या सीटवर दोन पुरुष एकमेकांच्या डोक्यावर डोके टाकून गाढ झोपले होते, आणि त्यांच्या गळ्यातले ओळखपत्रांचे वेगवेगळ्या रंगांचे पट्टे पाहता दोघे निरनिराळ्या विभागांतले, म्हणजे एकमेकांना ओळखतसुद्धा नसावेत. तनुजाने बटण दाबले. त्या दिवसापासून तिला दिसायलाच लागले. दुचाकीवर हेल्मेटच्या आत पुटपुटत स्तोत्र म्हणणारा बाप, स्टेअरिंगवर पोळीची गुंडाळी ठेवून घास घेणारी बाई, काचेवर बोटाने हिशेब मांडणारा कुणीतरी. ती आता गर्दी व्हावी म्हणून वाट पाहू लागली. रस्ता मोकळा मिळाला की तिचा विरस व्हायचा. पुण्यात असा दुसरा माणूस शोधून सापडला नसता.

घरी आल्यावर हे फोटो पहिल्यांदा पाहायचा मान समोरच्या दारातल्या रुपालीताईचा. ही मूळ मांजरीचीच. तिच्या वडिलांची, रंगरावांची, जमीन ह्याच सोसायटीत गेली होती आणि बदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी एकात लेक-जावई राहत. जावई साईनाथ हिंजवडीत मोठ्या कंपनीत होता. रंगराव सोसायटीच्या फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचा जावई आयटीत हाय" हे इतक्यांदा सांगत, की वॉचमनही ते त्यांच्याबरोबर पुटपुटायचा. रुपालीताई शाळेत शिकवायची. तनुजा पुण्यात आली तेव्हा तापाने फणफणली होती, आणि ओळखदेख नसताना ह्याच बाईने तिला आठवडाभर पेज करून घातली होती. प्रदर्शनाचे वेड तनुजापेक्षा तिलाच जास्त. पहिल्या दिवशी सगळ्या घराला घेऊन येणार, हे तिने केव्हाच ठरवून टाकले होते.

त्या संध्याकाळी ती अशीच आली तेव्हा तनुजाने लॅपटॉप नुकताच उघडला होता. वाकडच्या पुलाजवळचा पीएमटीचा थांबा, सकाळी धावत्या बसमधून घाईत टिपलेला. लोक एका बसकडे झेपावताहेत, सगळे अंधुक, आणि मधोमध एकच माणूस बसून. बस त्याच्यासाठी नाहीच, असा. मांडीवर डब्याची पिशवी, ती दोन्ही हातांनी धरलेली. चेहऱ्यावर असा निवांतपणा, की पाहणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. आयुष्यात तनुजाने इतका चांगला फोटो काढला नव्हता. ते तिला एका क्षणात कळले. दुसऱ्या क्षणी तिने चेहरा ओळखला. तो साईनाथ होता.

बस चुकली असेल, असे तिने आधी स्वतःला सांगितले. मग सवयीने फोटो मोठा केला. गळ्यात निळा पट्टा होता. पट्ट्याच्या टोकाला प्लास्टिकचे पाकीट होते. त्यात कंपनीत शिरायचे कार्ड नव्हते. आयटीत काम करणाऱ्याला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"दाखव की आजचे," म्हणत रुपालीताई पलंगावर टेकली. तनुजाने लॅपटॉप मिटला आणि आज काही मिळालेच नाही, असे सांगितले. खोटे बोलताना तिचा आवाज नको इतका गोड झाला. रुपालीताई तिच्या शाळेतल्या गमती सांगत बसली, साईनाथला हल्ली काम जास्त आहे, थकून येतो, म्हणाली, आणि निघून गेली.

दोन दिवसांनी दातांच्या डॉक्टरकडे जायचे म्हणून तनुजा दुपारीच ऑफिसातून निघाली. वाटेत साईनाथ त्याच थांब्यावर दिसला. डबा उघडून जेवत होता.

आता खरे म्हणजे हा फोटो पुसून टाकायचा आणि मोकळे व्हायचे. पण तनुजा फोटोग्राफर होती, आणि हावरी होती, हे कबूल केले पाहिजे. शनिवारी तिने दहाही फोटो सरांपुढे ठेवले. सर त्या एका फोटोपाशी थांबले. टोमणा आला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाकीचे नऊ ह्याच्याभोवती लावा."

दोन वर्षे जे ऐकण्यासाठी खेटे घातले ते कानांनी ऐकले, आणि तनुजाला धड आनंदही होईना. नारायण पेठेतून घरी येईपर्यंत ती स्वतःशी वाद घालत राहिली. चेहरा थोडा काळवंडून टाकता येईल. नको, मग फोटोत उरले काय. रुपालीताईला भलताच दिवस सांगता येईल. म्हणजे आणखी एक खोटे. बनारसच्या साधूने असा छळ कधी केला नव्हता. परगावची माणसे फोटो काढला की मागे राहतात. ही माणसे लिफ्टमध्ये भेटत होती, "जेवलीस का" विचारत होती.

शेवटी एका सकाळी ती वाकडला बसमधून उतरली आणि थांब्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसली. साईनाथने तिला पाहिले आणि पट्टा आधी सदऱ्याच्या आत सारला.

"बस चुकली वाटतं," तो म्हणाला.

"नाही दादा. उतरले."

तिने फोन पुढे केला. कला, सत्य, चेहरा ओळखू येणार नाही वगैरे भाषण तिने वाटेत तयार केले होते, त्यातले एक अक्षर तोंडातून फुटले नाही. साईनाथने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नेमका पट्ट्याच्या टोकापाशी गेला.

"कार्ड काढून घेतात," तो म्हणाला. "पट्टा राहू देतात. त्याचं त्यांना काही करायचं नसतं."

कोणी कोणी पाहिला, असे त्याने विचारले. सरांनी, असे तिने सांगितले. रुपालीने नाही ना, असे त्याने दोनदा विचारले.

"दादा, मला हा प्रदर्शनात लावायचाय," तनुजा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःची लाज वाटली.

तो रागावला असता तर बरे झाले असते. तो फक्त समोरून जाणाऱ्या बसकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नको लावूस. ती येईल, आणि सासऱ्यांना घेऊन येईल." फोन परत देण्यासाठी त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबला. "मला मात्र पाठव. रोज ठरवतो, आज सांगायचं. घरी जातो, हातपाय धुतो, पोरीचा अभ्यास घेतो आणि झोपतो. हा दाखवला की बोलावं लागणार नाही."

तनुजाने तिथेच फोटो त्याला पाठवला. मग सरांना फोन करून दहावा फोटो रद्द केला. "रद्द? लग्न मोडलं की काय?" सर म्हणाले. परवानगी नाही, एवढेच तिने सांगितले.  मग नऊच लावा, सर म्हणाले, आणि ते नऊ पुन्हा बनारससारखे वाटू नयेत ह्याची काळजी घ्या, असेही म्हणाले.

त्यानंतरचे दिवस तनुजाने कसे काढले ते तिलाच माहीत. समोरचे दार बंद. रुपालीताई फोटो पाहायला आली नाही. पलीकडे भांडे पडले तरी ती दचकायची, आणि काहीच ऐकू आले नाही तर त्याहून जास्त. एकदा लिफ्टमध्ये दोघी समोरासमोर आल्या तर रुपालीताई मजल्यांचे आकडे वाचत उभी राहिली. फाटकाशी रंगराव होते, पण जावयाविषयी काही न बोलता नुसतेच तपकीर ओढत होते. आपण एक घर मोडले, असे तनुजाच्या मनाने घेतले. बसमध्ये ती आता कॅमेरा पिशवीतून काढत नसे, आणि बाहेर तर रोज काहीतरी दिसतच होते.

प्रदर्शन भरले. लोक आले, काजळवाल्या मुलीपाशी हसले, झोपलेल्या दोघांचे फोटो मोबाइलवर घेऊन गेले. शेवटच्या दिवशी दुपारी रुपालीताई आली. एकटीच. तिने नऊ फोटो सावकाश, शाळेतल्या वह्या तपासाव्यात तसे पाहिले.

"छान आहेत," ती म्हणाली. "दहावा माझ्याकडं हाय."

तनुजाने गळ्यातला कॅमेरा काढून खुर्चीवर ठेवला.

"ह्यांनी स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातात फोन दिला आणि उभे राहिले. मी भांडले, रडले. मग दोघं मिळून बाबांकडं गेलो. झालं ते झालं, नोकरी मिळंल दुसरी." तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले. "एक सांगू? मला शंका का आली नाही म्हाईतंय? डबा रोज रिकामा यायचा. घास न टाकता खात होते. माणूस खातोय म्हणजे बरा आहे, असंच समजत होते मी."

"ताई, मी..."

"तुला माझ्या आधी कळलं." रुपालीताईचा आवाज चढला नाही. "तुझ्या सरांना कळलं. त्या पेठेतल्या माणसानं माझ्या नवऱ्याचा चेहरा माझ्या आधी बघितला. आणि मी तुझ्या पलंगावर बसून तुला शाळेच्या गमती सांगत होते. ह्याचा राग आहे मला, तनुजा. जाईल तो. पण आज नाही जाणार."

ती वळली आणि जिना उतरली. तनुजाने आजवर इतके चेहरे टिपले होते, पण फोटोतल्या माणसाच्या घरातून उठून कोणी तिला जाब विचारायला आले नव्हते. सर पलीकडून कुणा पाहुण्याशी ओळख करून देण्यासाठी तिला बोलावत होते. पाहुणे बडे असावेत, कारण सर चक्क हसत होते. तनुजा त्यांच्याकडे न जाता जिन्याकडे धावली. कॅमेरा खुर्चीवरच राहिला.

खाली रुपालीताई रिक्षात बसली होती आणि रिक्षावाला मीटर टाकत होता. तनुजाने काही विचारले नाही, रिक्षात पाय ठेवला. रुपालीताई सरकली नाही. उतर असेही म्हणाली नाही. तनुजा उरलेल्या जागेत अंग चोरून बसली, आणि रिक्षा मांजरीच्या रस्त्याला लागली.