नसलेल्या टेबलाला वळसा

प्रयोगशाळेतल्या खोलीत, खालची खिट्टी काढून तिने खांब आडवा केला, भिंतीशी नेऊन ठेवला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

वटवाघूळ उडालं. खोलीच्या मधोमध, गेले दोन महिने जिथे खांब उभा होता तिथे, त्याने डावीकडून हातभर वळसा घेतला आणि पलीकडच्या फळीवरची अळी उचलली. वाटेत काहीच नव्हतं. खांब काढून बघायची ही सातवी वेळ, आणि सातव्यांदा तेच.

तिने ध्वनिमुद्रण दहापट संथ करून लावलं. माणसाच्या कानाला न पोचणारी त्याची हाक आता चिवचिवाटासारखी ऐकू येत होती. पूर्वी हाकेमागोमाग, सेकंदाच्या शंभराव्या भागात, खांबावरून प्रतिध्वनी यायचा. मेंदूतली एक पेशी नेमकी तेवढ्याच विलंबाला जागी व्हायची आणि पडद्यावर रेघ उमटायची. आज रेघ नव्हती. खांब गेल्याचं मेंदूपर्यंत पोचलं होतं, तरी पंख जुन्याच वाटेने जात होते.

"म्हणजे ऐकू येतंय, पण मनावर घेत नाही," सहकारी म्हणाला. "आमच्या घरी असे चौघं आहेत."

एरवी ती हसली असती. आज हसण्याइतकंही त्राण तिच्यात नव्हतं. पाच वाजता ताई बाबांना घेऊन जायला येणार होती. तिने वही पिशवीत टाकली आणि लवकर निघाली.

बाबा घड्याळजी होते. काचबिंदूने डोळे नेले त्याला दोन वर्षं झाली. काठी त्यांनी हातात धरली नाही ती नाहीच. चुटक्या वाजवत घरभर फिरायचे आणि भिंत कुठे, दार कुठे ते आवाजावरून ओळखायचे. तीन आठवड्यांपूर्वी मधल्या खोलीतल्या टेबलावर त्यांचा गुडघा आपटला. ते अंघोळीला गेलेले असताना दोघी बहिणींनी टेबल उचलून शेजारी देऊन टाकलं. अंघोळ करून बाबा आले आणि टेबल असल्यासारखे वळसा घालून खिडकीपाशी गेले.

ताई सांगायला तोंड उघडणार, तोच हिने तिचा दंड धरला होता.

"सांगू नकोस. बघू, कधी कळतं ते."

सवय, दुसरं काय. तेव्हापासून ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रोज वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती: किती चुटक्या, किती वळसे. एकवीस दिवस, एकही चूक नाही. गेल्या आठवड्यात ताईने ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कान शाबूत आहेत ना त्यांचे? मग डोकंच गेलं म्हणायचं. तू दिवसभर तुझ्या वटवाघळांत, मी तिकडे दुसऱ्या टोकाला. उद्या गॅस चालू ठेवला तर?"

ताईने वृद्धाश्रमात जागा मिळवली. हिनेही अर्जावर सही केली. वाद घालायचा म्हणजे बळ लागतं, आणि ते कधीच संपलं होतं.

ती घरी आली तेव्हा बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायाशी भरलेली बॅग.

"लवकर आलीस."

"हो. पाणी देऊ?"

"माझं मी घेतो. अजून तरी माझंच घर आहे."

ते उठले. चुटकी वाजली. खोलीच्या मध्यावर येताच त्यांनी डावीकडून वळसा घेतला, अगदी हातभर. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकली आणि हात आपोआप पिशवीतल्या वहीकडे गेला. तिने एक उभी रेघ ओढली.

"आजसुद्धा लिहितेस?" बाबा म्हणाले.

"काय?"

"पेन्सिल. पस्तीस वर्षं घड्याळाच्या पोटातली धडधड ऐकत आलोय, पेन्सिल ऐकू येणार नाही?"

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, तिथे टेबल नाहीये."

"पहिल्या दिवशीच कळलं. चुटकी वाजवली तर खोली रिकाम्या डब्यासारखी वाजली."

"मग वळसा कशाला घालता?"

बाबांनी माठावरचं झाकण चाचपलं, पेला भरला, दोन घोट प्यायले.

"तू लिहायला बसलीस ना. म्हटलं, परीक्षा चाललीये. तूच सांगायचीस, पक्कं शिकलेलं वटवाघूळ खांब काढला तरी त्याची जागा विसरत नाही. म्हटलं, आपणही दाखवू. दोघींना कळू दे, म्हाताऱ्याला घरातलं सगळं लक्षात आहे." मग हलकेच विचारलं, "नापास झालो का?"

तिला लाज वाटली. एकवीस दिवस हा माणूस तिच्यासमोर जीव तोडून पेपर लिहीत होता, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला ती त्याचे गुण कापत होती.

दारावरची बेल वाजली.

"ताई आली," बाबा म्हणाले. त्यांनी पेला जागेवर पालथा घातला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "जा, उघड."

ती उठली आणि दाराकडे गेली. कडीला हात लावला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तूसुद्धा वळसाच घातलास गं."

तिने मागे वळून पाहिलं. खोलीच्या मधोमध फरशीवर टेबलाच्या पायांच्या चार फिकट खुणा होत्या. पलीकडे बाबा तिच्या दिशेने कान करून उभे होते.

बेल पुन्हा वाजली.

"थांब गं ताई, आले," ती म्हणाली. मग त्या चार खुणांच्या मधून सरळ चालत परत आली, पलंगापाशी ठेवलेली बॅग उचलली आणि तिच्यातले कपडे एकेक करून कपाटात ठेवू लागली.