रतनचा दिवस

वल्लरी डोंबिवलीहून वर्तकनगरला यायची. समाजधोरणाच्या एम.ए.ला होती, दोन महिन्यांची इंटर्नशिप होती. काम एकच. घरोघरी जाऊन विचारायचं, काल दिवसभरात काय काय केलंत? घरकाम आणि तब्येत, असा काहीतरी अभ्यास होता.

विठ्ठलरावांनी तिला खुर्ची दिली आणि लगेच सांगायला लागले.

"पावणेपाचला उठलो. पाणी साडेपाचला जातं ना. पिंप भरलं, हंडे भरले. मग भाकऱ्या थापल्या, डबा भरला."

वल्लरी भराभर लिहीत होती. "डबा कुणाचा, काका?"

शेजारच्या विमलाबाई दारातून ऐकत होत्या.

"अगो, भावोजींनी जन्मात हंडा उचलला नाही! भाकऱ्या थापल्या म्हणे. खानावळीतून जेवण येतं त्यांचं. आणि तू आपली लिहितेयस!"

"रतनचा दिवस सांगत होतो," विठ्ठलराव म्हणाले. रतन त्यांची बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. "माझ्या दिवसात लिहिण्यासारखं काय आहे? तिचं कुठेतरी लिहिलेलं राहू दे. एवढं कर, पोरी."

"काका, फॉर्ममध्ये हयात माणसंच घेतात." पण तिने फॉर्म बाजूला ठेवला आणि वहीचं कोरं पान काढलं. "हे मॅडमना चालेल की नाही माहीत नाही. सांगा तुम्ही."

मग विठ्ठलराव खुलले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली त्यांची सातची पाळी. रतनने केलेलं सोड्याचं, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचं, सुकं; डबा उघडला की अख्खं खातं भोवती गोळा व्हायचं. मग तिचं मुलाला, सुदेशला, शाळेत सोडणं, येताना भाजी, मग धुणं. चारला ते घरी यायचे तेव्हा चहाचं आधण ठेवलेलं असायचं.

"आणि दोन ते चार?"

"झोपत असेल."

"झोपते कुठली!" विमलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे यायची. गुडघे सुजायचे तिचे. गरम पाण्याची पिशवी लावून बसायची. पावणेचार झाले की उठायची. म्हणायची, ह्यांना सांगू नका हां, दमून येतात."

"किती वर्षं, वहिनी?"

"दहा-बारा तरी."

वल्लरीचं पेन थांबलं. "काका, हे नको लिहू का?"

विठ्ठलरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लिही. दोन ते चार, गुडघे शेकत होती. नवऱ्याला माहीत नव्हतं, तेही लिही."

तिने लिहिलं. विठ्ठलराव विमलाबाईंकडे वळले.

"अजून काय काय बोलायची ती?"

विमलाबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन बसल्या.