घट्ट लावलेले झाकण

मित्रांनो, कपाटाच्या तळाशी फुटक्या झाकणाची लाकडी पेटी दिसते ना, तो मी, एक जुना रेणूसंच. माझ्या पोटात रंगीत गोळे आहेत आणि ते एकमेकांना जोडायच्या कांड्या आहेत. काळा गोळा म्हणजे कार्बन, लाल म्हणजे ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन आणि निळा नायट्रोजन. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझी हकीकत ऐकून कदाचित तुम्हीही तापाल.

माझा जन्मच मारहाणीत झाला. कारखान्यात मला करवतीने चिरले, फिरत्या यंत्रावर धरून गोल होईपर्यंत सोलले आणि मग एकेका गोळ्याच्या अंगात ड्रिलने भोके पाडली. कार्बनला चारच हात असतात हे ड्रिलवाल्याला कुणी सांगितले नव्हते. एका काळ्या गोळ्याला त्याने पाच भोके पाडली, आणि तो गोळा पुढे कच्च्या विद्यार्थ्यांचा फार लाडका झाला.

कॉलेजात आलो तेव्हा माझा थाट होता. प्राध्यापक मला टेबलावर मांडत, मुले माझ्याभोवती गर्दी करत. पण हातात आलो की मला पिळत, उपटत, एकमेकांच्या डोक्यात मारत. एकाने तर अडकलेली कांडी दातांनी ओढून काढली, आणि त्या ओढाताणीत त्याच्या दाताचा कपचाही उडाला. मी मनातून खूश झालो. पुढे भिंतीवर पडदा आला, पडद्यावर चकचकीत रेणू फिरू लागले आणि मला कपाटात कोंबले. तिथे झुरळांशिवाय मला कुणी विचारत नव्हते.

मला बाहेर काढले ते संशोधक बाईंनी. मुले रसायनशास्त्र शिकतात म्हणजे त्यांच्या डोक्यात नेमके काय चालते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. सत्राच्या सुरुवातीला त्या एकेका विद्यार्थ्याला आपल्या खोलीत बोलवत, मला त्याच्यापुढे ठेवत आणि म्हणत, रेणू जोड, आणि जोडताना मनात जे येईल ते बोल. सत्र संपल्यावर पुन्हा तीच मुलाखत. मध्ये कॉलेजने मुलांना काय शिकवले आणि काय नाही, ते त्यातून कळणार होते.

या कामाचा एक नियम होता. मुलगा चुकला तरी त्याला चूक म्हणायचे नाही. शब्दाने नाही आणि चेहऱ्यानेही नाही. बाई आरशासमोर बसून चेहरा कोरा ठेवायचा सराव करत. मुले माझ्या अंगाशी वाटेल तो खेळ करत, कार्बनला पाचवा बंध जोडत, आणि बाई शांतपणे म्हणत, "अजून सांग." माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एके दिवशी सुसाट आली. हे नाव तिला मैत्रिणींनी ठेवले होते. ती दार आपटून आत यायची आणि प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी काम उरकायची. तिने झटपट माझ्यातून अल्कोहोलचा रेणू जोडला, अगदी बरोबर. मग बाईंनी विचारले की प्रयोग झाल्यावर उरलेल्या रसायनाचे काय होते.

"झालं की संपलं," सुसाट म्हणाली. "रंग बदलला, वास आला, म्हणजे क्रिया झाली. मग ते मेलं. टाकाऊच्या बाटलीत सगळं मेलेलंच असतं. ओतायचं आणि झाकण घट्ट लावायचं, वास नको म्हणून."

अरे देवा, मित्रांनो! ज्याच्या कांड्या अजून शाबूत आहेत ते मेलेले कसे? दुसरे कुणी धडकले की त्या तुटतात, नव्या जुळतात, आणि त्या जुळताना आग ओकतात. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. बाईंना तोंड होते. त्या म्हणाल्या, "अजून सांग." सुसाट गेल्यावर मात्र त्यांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. आजवर कुणाच्या हाती न लागलेला गैरसमज त्यांना सापडला होता. दुपारी विभागप्रमुख आले आणि त्यांनी बाईंची पाठ थोपटली.

पुढे एके दिवशी बाई प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात निरीक्षण करत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. मुलांनी परीक्षानळीच्या आत चांदीचा थर चढवण्याचा प्रयोग केला होता, आणि आता मुले तो थर नायट्रिक आम्लाने धुऊन काढत होती. सुसाटचे नेहमीप्रमाणे आधी आटोपले. तिने संरक्षक चष्मा कपाळावर सारला, उरलेले जळजळीत आम्ल उचलले आणि सरळ टाकाऊ अल्कोहोलच्या बाटलीत रिकामे केले. वर झाकण घट्ट पिळले.

बाईंनी ते पाहिले. त्यांचा पाय उठायला पुढे आलाही होता. पण मुलाखतीत जे ऐकले तेच आता डोळ्यांपुढे घडत होते. माझ्या झाकणावरचा कागद सरसावून त्यांनी लिहायला घेतले. तास संपला की सांगू, असे त्यांनी ठरवले असणार. तेवढ्यात बाटली आतून तांबूस झाली आणि झाकणाच्या कडेने फुसफुसू लागली. सुसाट ते पाहून परत आली आणि झाकण आणखी आवळायला वाकली.

बाई किंचाळल्या, पण उशीर झाला होता. बाटली फुटली. काच छतात, भिंतींत आणि सुसाटच्या चेहऱ्यात घुसली. आम्ल तिच्या गालावरून खाली ओघळले आणि तिथली कातडी पिवळी पडून सुटू लागली. मी जमिनीवर आपटलो, माझे गोळे सांडलेल्या आम्लात गडगडत गेले आणि त्यांचे रंग चरचरत उडाले. बाईंनी सुसाटला कमरेला धरून नळाखाली ओढले. ती लाथा मारत होती, चावत होती. बाईंनी तिचे केस मुठीत धरले, मिटलेल्या पापण्या बोटांनी फाकवल्या आणि वाहत्या पाण्याखाली तशाच धरून ठेवल्या. त्यांच्या स्वतःच्या हातांची सालटी निघत होती. एक डोळा वाचला तो त्यामुळे, असे पुढे डॉक्टर म्हणाले. दुसरा गेला.

चारसहा दिवसांनी सुसाटची आई बाईंच्या खोलीत आली. ती मुलींना बॉक्सिंग शिकवायची. विभागप्रमुख आधीच येऊन बसले होते. संशोधनाचा नियम असा असतो, मुलीने संमती दिली होती, असे ते तिला समजावू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"तिच्या डोक्यात हे चुकीचं बसलंय, हे तुम्हाला ठाऊक होतं?" तिने बाईंना विचारले.

विभागप्रमुखांनी बाईंना डोळ्यांनी खुणावले. बाई म्हणाल्या, "हो. सत्राच्या सुरुवातीपासून."

"आणि त्या दिवशी ओतताना पाहिलंत?"

"पाहिलं."

"माझ्या रिंगणात पोरीचा हात खाली आला की मी तिथेच ओरडते," आई म्हणाली. "फटका कुठे बसतोय ते लिहून घेत नाही."

मग तिची मूठ वर गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटच्या क्षणी ती मूठ वळली आणि माझ्यावर आदळली, माझे झाकण मधोमध फुटले आणि तिच्या बोटांतून रक्त आले. तो ठोसा बाईंच्या तोंडासाठी होता. मला त्याचा राग नाही.

बाईंनी मुलाखती थांबवल्या आणि मला पुन्हा कपाटात टाकले. आता आपले सरपण होणार, असे मी धरून चाललो होतो. पण पुढच्या सत्रात दार आपटले आणि सुसाट आत आली. एका डोळ्यावर पट्टी, गालावर जाड व्रण.

"माझी दुसरी मुलाखत राहिलीय, मॅडम," ती म्हणाली.

सुसाटने स्वतःच मला कपाटातून काढून टेबलावर ओतले. तिच्या उरलेल्या डोळ्याला जवळचे अंधुक दिसत होते, आणि माझे कितीतरी गोळे तर पांढरेफटक पडले होते. ती भोके चाचपून गोळे ओळखू लागली. त्या बाटलीत काय झाले ते ती जोडून दाखवत होती. आम्लाचा रेणू तिने नीट जोडला, अल्कोहोलचा नीट जोडला, दोन्ही एकमेकांजवळ आणले. मग अल्कोहोलची एक कांडी उपटत ती म्हणाली की ही तुटली, तिच्यात कोंडलेली उष्णता बाहेर पडली आणि स्फोट झाला.

बाईंनी डागाळलेल्या हाताने तिचे मनगट पकडले. मला वाटले आता ते मोडते.

"चूक," बाई म्हणाल्या. "तोडायला जोर लागला की नाही तुला? तोडताना उष्णता खर्च होते. नवीन जुळताना सुटते. पुन्हा कर."

सुसाटने मनगट सोडवून घेतले नाही. त्या खोलीत इतकी मुले माझे गोळे जोडताना चुकली होती, पण तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मित्रांनो, मला नवा रंग देऊ नका आणि काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नका. मला मुलांच्या हातात द्या. त्यांना मला पिळू द्या, उपटू द्या, माझे उरलेसुरले गोळेही फोडू द्या. फक्त मुले चुकली की तिथल्या तिथे सांगा, तास संपायची वाट पाहू नका. बाटली फुटली तेव्हा सुसाटचा तास अजून संपायचा होता.