हातखंब्याच्या लॉरीला भरलेलं कापरं

रत्नागिरी ते राजापूर या रस्त्यावर बारा वर्षं धावलेली लॉरी मी. तुम्ही मला ओळखत नसाल, पण तुमच्या घरातलं कुणीतरी माझ्या बाकावर बसून पालीला नाहीतर लांज्याला उतरलं असणारच. एकदा मला कापरं भरलं होतं. त्या कापऱ्यापायी एका भल्या माणसाची अब्रू जायची वेळ आली. ती कशी राहिली आणि कुणामुळे राहिली, एवढं सांगण्यापुरती मी आज बोलतेय.

माझा जन्म विलायतेतला. फौजेसाठी मला बनवलं, पण मी तयार होईपर्यंत लढाई संपली. मग बोटीनं मुंबईला आणलं आणि पुण्याकडच्या एका फौजी आवारात मी नुसती उभी राहिले. सन १९२६ साली तिथल्या लिलावातून राजापूरच्या हरिश्चंद्रशेटांनी मला घेतलं. रत्नागिरीच्या सुतारांनी पाठीवर लाकडी बॉडी चढवली, दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे लावले आणि मी सर्व्हिस मोटार झाले.

माझा ड्रायव्हर लवू. मुंबईला एका व्यापाऱ्याची मोटार चालवून तो गावी परतला होता. चाळिशीचा, अबोल माणूस. गाडीत चढायच्या आधी वहाणा काढून बाकाखाली ठेवायचा आणि अनवाणी पायांनी चालवायचा. पेडल पायाला कळलं पाहिजे, असं तो म्हणे. शेट तापट होते. हिशोबाला चोख, बोलायला तिखट, पण लवूवर त्यांचा विश्वास होता.

आमचा रस्ता म्हणजे तांबड्या मातीचा आणि जांभ्या दगडाचा. उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात रस्ताच बंद. माझ्यात कोर्टाच्या तारखेला निघालेले लोक बसत, माहेराला निघालेल्या लेकी बसत, सुक्या मासळीच्या टोपल्या आणि आंब्याच्या करंड्याही बसत. मासळीवरून भांडणारी माणसं पाली येईपर्यंत एकमेकांच्या मुलांची स्थळं सुचवत असत. मला त्या माणसांची फार गंमत वाटे.

सन १९३१च्या पावसाळ्यात मी हातखंब्याच्या शेडमध्ये उभी होते. माझा पुढचा एक पाटा मोडला होता. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची ती कमान, जिच्यावर माझं सगळं ओझं पेलतं. नवे पाटे उशिरा आले, तेव्हा सर्व्हिस सुरू व्हायच्या आदल्या रात्री लवूनं दोन्ही बाजूंचे पाटे बदलले. दसऱ्यानंतर सर्व्हिस सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी ते झालं.

पालीकडे जाताना मी जरा वेगात होते. डावं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि वर आलं, पण शांत झालं नाही. डावीकडे-उजवीकडे फडफडू लागलं. त्याच्या जोडीला उजवंही. क्षणात माझं सगळं तोंड थरथरायला लागलं. दिवे हलले, बॉनेट खडखडलं, लवूच्या हातातलं स्टेअरिंग कुणीतरी हिसकावून घेतंय असं वाटलं. माणसांचे दात वाजले. मी जवळजवळ थांबले तेव्हाच ते कापरं गेलं. पुन्हा निघाले, तर सगळं ठीक. दोन मैलांवर पुन्हा तसंच.

तुम्हाला ताप आला तर तुम्ही सांगू शकता कुठे दुखतं ते. मला कुठे सांगता येत होतं? आणि खरं सांगायचं तर माझं मलाही कळत नव्हतं.

लवूनं टायर बदलले. हवा कमी केली, जास्त केली. डावं चाक उजवीकडे घातलं. प्रत्येक बोल्ट आवळला. स्टेअरिंगची पेटी इतकी घट्ट केली की वळणावर मला वळवताना तो घामाघूम व्हायचा. कापरं राहिलंच. शेटांनी कोल्हापूरहून मिस्त्री आणला. त्यानं मला जॅकवर उचललं, चाकं हवेत फिरवून पाहिली, दोन चाकांमधला आस वाकलाय म्हणाला. आस काढून सूत लावलं, तर तो सरळ. कुणी माझ्यापुढे नारळ फोडला. त्याचाही मला राग नाही. माणसाला कळेनासं झालं की तो हात जोडतो, ते काही वाईट नाही.

पण मग लोक बोलू लागले. गाडी कधी कधीच का डुलते, असं ते विचारत. गाडी डुलत नाही, ड्रायव्हर डुलतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य पार राजापूरच्या बाजारपेठेपर्यंत गेलं. लवू माडी-दारूला शिवत नसे. एका सकाळी भरल्या गाडीसमोर शेटांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि वास घेतला. वास नव्हता. लवू वहाणा काढून आपल्या जागेवर चढला. स्टेअरिंग धरलं तेव्हा त्याचे हात गार पडले होते, एवढं मला कळलं.

मार्गशीर्षात, भर दुपारी, पालीच्या पुढच्या उतारावर मला पुन्हा कापरं भरलं. उजवीकडे दरी होती, डावीकडे चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत. आत बावीस माणसं. स्टेअरिंग इतक्या जोरानं फिरलं की त्याचा आरा लवूच्या उजव्या अंगठ्यावर बसला आणि अंगठा मोडला. तरी त्यानं सोडलं नाही. दोन्ही कोपरं स्टेअरिंगच्या आऱ्यांत घालून, सगळं अंग टाकून त्यानं मला डावीकडे ओढलं. मी गडग्याला घासत घासत थांबले. खरचटणं, टेंगळं यापलीकडे कुणाला काही झालं नाही. उतरल्यावर माणसांनी आधी दरीकडे पाहिलं आणि मग लवूकडे. दोघं-तिघं त्याला शिव्या देत होते. तो रस्त्याच्या कडेला अंगठा धरून बसला होता.

बैल लावून मला हातखंब्याला आणलं. शेट आले. त्यांनी लवूला कामावरून कमी केलं आणि माझं इंजीन काढून भाताच्या गिरणीला द्यायचं ठरवलं. मला वाटलं, संपलं आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात नवराबायको येऊन उभी राहिली. भिकाजी आणि हौसा. भिकाजी बोटीवर इंजीनखात्यात तीस वर्षं होता. त्या आवाजानं त्याचे कान पार गेले होते. हौसा त्याच्यासमोर उभी राहून सावकाश बोलली की ओठांवरून त्याला कळे. आदल्या दिवशी ती दोघं माझ्यातच बसली होती.

हौसा शेटांना म्हणाली, "ह्यांना ऐकू येत नाय, पण पायांना समजतं. काल कापरं डाव्या अंगानं सुरू झालं, असं हे म्हणतात. ड्रायवरची चूक नाय. एक दिवस गाडी ह्यांच्या हाती द्या."

शेटांनी आधी झिडकारलंच. जिथं कोल्हापूरचा मिस्त्री हरला तिथं हा बहिरा काय करणार, असं त्यांना वाटलं असणार. पण हौसा दारातून हलली नाही. शेवटी ते म्हणाले की गिरणीवाला परवा येणार आहे, तोवर काय करायचं ते करा.

भिकाजीनं पहिली गोष्ट कोणती केली? मला उचललं नाही. सगळ्यांनी मला उचलून, चाकं हवेत ठेवून तपासलं होतं. त्यानं मला माझ्या पायांवर, सगळ्या ओझ्यानिशी उभं ठेवलं. लवूला बोलावून आणलं. त्याला डाव्या हातानं स्टेअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे हलवत राहायला सांगितलं आणि स्वतः माझ्याखाली आडवा झाला. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जेवढे सांधे आहेत, त्या प्रत्येकावर त्यानं तळहात ठेवला. घाई नाही. एका सांध्यावर हात ठेवून डोळे मिटायचे, मग पुढचा. इतकी वर्षं माणसं माझा आवाज ऐकत आली होती. मला हातानं ऐकणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

डाव्या चाकापाशी त्याचा हात थांबला. ज्या पोलादी खुंट्याभोवती चाक वळतं, त्याच्या भोवतीच्या पितळी नळ्या, म्हणजे बुशा, झिजल्या होत्या. खुंटा आतल्या आत हलत होता. आता त्यानं चाक उचललं, वरखाली धरून हलवलं आणि सांध्यात बोट घालून लवूलाही तसंच करायला लावलं. लवूच्या बोटाला ती हालचाल लागली. रत्नागिरीला एका कारखान्यात लेथ होता. संध्याकाळच्या आत नव्या बुशा तिथून कातून आल्या.

सकाळी मला रस्त्यावर काढलं. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. माझंही मन हलकं होतं. मैलभर गेल्यावर खड्डा आला आणि मला पुन्हा कापरं भरलं. आधीपेक्षा कमी, पण भरलंच. शेट खाली उतरून चालत परत निघाले.

भिकाजी मात्र खचला नाही. हौसाला म्हणाला, "झीज मिळाली. पण झीज एका दिवसाची नसते. कापरं तर एका दिवसात आलं. त्याच्या आधी काय बदललं ते विचार."

हौसानं लवूला विचारलं. लवू म्हणाला, पाटे.

भिकाजीनं गवंड्याचा ओळंबा मागवला आणि चाकाच्या खुंट्याशेजारी धरला. खुंट्याचं डोकं किंचित मागे कललेलं असायला हवं. माझं पुढे कललेलं होतं. पाटा आणि आस यांच्यामध्ये एक लोखंडी पाचर असते, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. दोन्ही बाजूंच्या पाचरी उलट्या बसल्या होत्या. त्यानं समजावलं, "वासराला दाव्यानं पुढून ओढलं की मागून सरळ येतं. मागून ढकललं की मान इकडंतिकडं करतं. हिची चाकं तशी ढकलत चालली होती. बुशा झिजल्या नसत्या तर कापरं एवढं वाढलं नसतं. दोन्ही दोष एकत्र आले."

लवू खाली बसला. पाटे त्यानंच बसवले होते. आतापर्यंत ज्या गोष्टीसाठी लोक त्याला बोलत होते ती खोटी होती. पण ही खरी होती आणि ती कुणालाच माहीत नव्हती. भिकाजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलं. गप्प राहायला लवूला वाव होता.

तो उठला, शेटांच्या मागे चालत गेला आणि त्यांना घेऊन आला. माझ्यासमोर उभं राहून म्हणाला, "शेट, पाचरी मी उलट्या घातल्या. बावीस माणसं माझ्या हातून गेली असती."

शेटांनी वाकून माझ्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाटे बसवले त्या रात्री कंदील मीच धरला होता. लवकर कर, लवकर कर, म्हणून तुझ्या डोक्यावर मीच बसलो होतो. तू दोनदा म्हणालास, उद्या उजेडात बघतो." त्यांनी आणखी एक सांगितलं. "मी तुझ्या तोंडाचा वास घेतला, लवू. ते मला विसरता यायचं नाही."

पाचरी सुलट झाल्या. त्याच उतारावर मला पुन्हा नेलं. लवूच्या अंगठ्याला पट्टी होती. शेजारी शेट स्वतः बसले होते. मागे भिकाजी अनवाणी पाय फळीवर टेकवून आणि समोर हौसा. वेग आला. खड्डा आला. डावं चाक आपटलं, वर आलं आणि सरळ चालू लागलं. लवूनं पुढचा खड्डा मुद्दाम घेतला. मग आणखी एक. काही नाही. हौसा रस्त्याकडे पाहतच नव्हती, ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तो हसला तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले.

शेटांनी राजापूरच्या भरल्या बाजारात, जिथं ते वाक्य फिरलं होतं तिथंच, उभं राहून झालेलं सगळं सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली. तापट माणसाला ते किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे. लवूनं त्यानंतर सहा वर्षं मला चालवलं.

भिकाजी दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या हाताचे उपकार मी फेडू शकले नाही. तुम्हाला एवढंच विनवते. कुठलं यंत्र बिघडलं, तर आधी माणसाला दोष देऊ नका. आणि चूक आपलीच निघाली, तर लवूसारखं चार पावलं चालत जाऊन सांगा. त्यानं माणूस लहान होत नाही.

आता सन १९३८. माझी झीज आता बुशांपुरती राहिलेली नाही. उद्या माझं इंजीन काढून खाडीवरच्या लाँचला बसवणार आहेत. बॉडी मात्र हातखंब्याच्या तिठ्यावर ठेवणार आहेत, उतारूंना उन्हात सावलीला बसायला. ज्यांना इतकी वर्षं मी पोचवलं, ती माणसं आता माझ्यात बसून दुसऱ्या गाडीची वाट पाहतील. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. या बाजूला आलात तर घटकाभर टेका. गाडी आली की निघा, माझ्याकडे वळून बघायची गरज नाही.