दोन स्टेशनांच्या मधलं गाऱ्हाणं

सगुणचा ओंकार मागच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने बापासाठी एक रेडिओ आणला, आणि तो रेडिओ पाहून सगुणचं तोंडच पडलं. बोटभर लांबीची काळी कांडी, तिला ना बटण ना भोंगा. ती म्हणे लॅपटॉपला खोचायची, दुसऱ्या बाजूने एक तार जोडायची, आणि बाकीचा सगळा रेडिओ म्हणजे पडद्यावरचं सॉफ्टवेअर. पोराने परसातल्या माडापासून फणसापर्यंत तार ताणली, बापाला शेजारी बसवलं आणि चिकाटीने शिकवलं. निळ्या पडद्यावर पिवळी रेघ दिसली की तिथे स्टेशन आहे असं समजायचं. घरातला इन्व्हर्टर आणि पंखा बंद केला की घरघर जाते. रेकॉर्ड दाबून ठेवलं की पट्ट्यातली सगळी स्टेशनं एकदम साठतात, मग दुसऱ्या दिवशी हवा तिथे काटा नेऊन काल काय चाललं होतं ते ऐकता येतं.

"पण बाबा, ह्यो नुसतो आयकता, बोलना नाय," ओंकार हसत म्हणाला होता. "तेव्हा बोटीवरच्या माका हाका मारीत बसू नको."

मुळगावच्या खाणीवर सगुण आणि त्याचा थोरला भाऊ नारायण यांनी ट्रक चालवण्यात उमेद घालवली. बाप लवकर गेला. नारायणनेच सगुणला वेंगुर्ल्याकडच्या गावातून इथे आणलं, स्वतःच्या शेजारी बसवून ट्रक शिकवला, लग्न लावून दिलं, एकाच अंगणात घर बांधून दिलं. दादा म्हणेल ती पूर्व, आणि त्यात सगुणला कधी कमीपणा वाटला नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा नारायणचा सिद्धेश मालवाहू बोटीवर लागला, वर्षाभराने त्याने ओंकारलाही त्याच बोटीवर ओढून घेतलं. दोघे चुलत भाऊ एका बोटीवर आहेत म्हणून दोन्ही घरं निर्धास्त होती.

आणि मग अरबी समुद्रात वादळ उठलं. बोटीचा संपर्क तुटला आहे, एवढंच कंपनीचा माणूस फोनवर सांगे. सगुणची बायको तारा चुलीपुढे बसायची आणि भात करपला तरी तिला कळायचं नाही. सगुण रेकॉर्ड दाबून त्या काळ्या कांडीला चिकटला. कुठल्या कुठल्या देशांच्या बातम्या, चिनी गाणी, खरखरत वाचलेले हवामानाचे इशारे, जे सापडेल ते तो ऐके. समजत काहीच नव्हतं, पण पोरगा ज्या बाजूला आहे तिकडून वारं येतंय असं त्याला वाटे.

एका तिन्हीसांजेला दोन परदेशी स्टेशनांच्या मधे, जिथे कधीच काही नसे तिथे, केसासारखी बारीक रेघ उमटली. घरातलीच खरखर असेल म्हणून त्याने इन्व्हर्टर आणि पंखा दोन्ही बंद केले. बाकीचा पडदा स्वच्छ झाला, रेघ मात्र राहिली. त्याने काटा तिच्यावर नेला, दोन्ही बाजूंनी पट्टा आवळत आणला, आणि खोल विहिरीतून यावा तसा माणसाचा आवाज वर आला.

"बा देवा म्हाराजा..."

गाऱ्हाणं! एकाने देवापुढे मागणं मांडायचं, तो श्वासाला थांबला की जमलेल्यांनी होकार भरायचा. ही चाल सगुणने पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. त्याचा ऊरच भरून आला. कुणीतरी आपल्याकडचा माणूस बोटीवरून देवाला आळवतोय, आणि बोटीवर आहे म्हणजे जिवंत आहे. तो जिवंत आहे तर आपलीही पोरं असतील. आवाज येई आणि विरे, शब्द अर्धेमुर्धे कळत, पण थांबायच्या जागा अचूक कळत होत्या. पहिल्या थांब्याला सगुणच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "व्हय म्हाराजा." मग प्रत्येक थांब्याला तो हात जोडून म्हणत गेला. शेवटचं मागणं तर खरखरीत पुरतं बुडालं होतं. सगुणने त्यालाही डोळे मिटून, सगळा जीव गोळा करून होकार भरला. रेघ विझली. त्या रात्री तो किती दिवसांनी पोटभर जेवला.

सकाळी ताराला ऐकवावं म्हणून त्याने रेकॉर्ड लावलं, आणि पहिल्याच ओळीला त्याचा हात थबकला. काल ऐकण्याच्या भरात लक्षातच आलं नव्हतं. हा आवाज नारायणचा होता. म्हाराजा म्हणण्याआधीचं ते घसा खाकरणंसुद्धा त्याचंच. सगुणने ताराला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं, हेडफोन लावला आणि पट्टा आणखी आवळला. काल बुडालेलं शेवटचं मागणं आज लखलखीत ऐकू आलं.

"दोगांतलो एक तुका व्हयोच आसलो तर म्हाराजा, माझ्या सिद्धेशाक सोड. धाकट्याचो घे. धाकटो नाय म्हणाचो नाय."

थोडा वेळ नुसता वारा. मग दुसरा आवाज, अगदी जवळून, भक्तीने भिजलेला: "व्हय म्हाराजा."

तो सगुणचा स्वतःचा आवाज होता. ज्या कांडीला ऐकण्यापलीकडे काही येत नव्हतं तिच्यात तो साठला होता, आणि त्याच्यामागे सगुणच्या खोलीतलं काही नव्हतं, पिंपळाची सळसळ होती. तसा पिंपळ गावात एकच, वेशीवर गाव राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या घुमटीवरचा.

सगुण अंगण ओलांडून गेला तेव्हा नारायण ओसरीवर बसला होता, समोरचा चहा साय धरून गार झालेला. आयुष्यात पहिल्यांदा सगुणने थोरल्या भावाकडे रोखून पाहिलं.

"दादा, काल तिन्हीसांजेक तू खंय होतंस?"

नारायणने नजर चुकवली नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "तुका ठावक आसा खंय होतंय ता," तो म्हणाला. "राखणदाराकडे. एकटोच गेललंय. मेल्याहून मेल्यासारखा झालला माका, ता मागना तोंडातसून भायर काढताना. परतच फिरतलंय होतंय. पण तू मागसून व्हय म्हणत रवलंस."

"मी घरात होतंय, दादा."

"मी वळान बघलंय. कोण नाय होता. पण आवाज तुझोच." नारायणचे डोळे भरून आले. "म्हटलंय, माझ्या भावान माका कधी नाय म्हटलंला नाय. आजव व्हयच म्हटल्यान."

सगुणला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ज्या हाताने घास भरवला त्याच हाताने याने माझं पोर देवापुढे सरकवलं, माझाच होकार घेऊन सरकवलं, आणि वर रडतोय. आतून सगळं पेटलं होतं, पण हात उठेना. कारण होकार खरंच त्याचा होता. कुणी जबरदस्तीने वदवून घेतला नव्हता.

तेवढ्यात नारायणच्या मांडीवरचा फोन वाजला. नारायणने तो दोन्ही हातांनी उचलला. "सिद्धू? सिद्धू रे!" तो एवढंच म्हणाला आणि हुंदका देऊन रडू लागला, मग ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचं रडणं थांबलं. त्याने सगुणकडे न पाहता फोन पुढे केला.

"तुझ्याकडे बोलाचा आसा, म्हणता."

सगुणने फोन कानाला लावला. पलीकडे माणसांचा कालवा होता, बंदर असावं. अंगणापलीकडच्या दारात तारा येऊन उभी राहिली होती, ओले हात पदराला पुसत.

"काका," सिद्धेश म्हणाला, "ओंकाराचा सांगाचा आसा. आयकतंस मां?"

आणि तो श्वासाला थांबला.

सगुणने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.