घाण्यातलं नाव

कोपरखैरणे गावात लग्नाची हळद कुटायला बायका जमल्या की गाण्यात नवरीचं नाव घालतात. उखळाभोवती मुसळं धरून सुवासिनी उभ्या राहतात, एक जण ओळ सांगते, बाकीच्या उचलतात. याला घाणा म्हणतात. ज्या घरचं लग्न, त्या घरचं नाव. यात चुकायला जागाच नाही, असं आम्ही समजत होतो. मग प्रेमलाचा अल्बम आला.

प्रेमला आमच्याच आळीची. आठ वर्षांपूर्वी झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत हितेश नावाच्या संगीतवाल्याने तिची सहा गाणी रेकॉर्ड केली. घाण्याची ओळ आली तेव्हा त्याने काचेपलीकडून विचारलं, "नाव कुठलं टाकायचं?" तिथे ना मांडव, ना नवरी. प्रेमला लाजून म्हणाली, "माझंच टाक." लाजायला कारण होतं. करंजाड्याचं स्थळ तेव्हा जवळपास ठरलं होतं.

पिवली झाली गो, पिवली झाली,
प्रेमला आमची पिवली झाली.

अल्बम असा खपला की विचारू नका. रिक्षात वाजला, जिममध्ये वाजला, दातांच्या एका डॉक्टरकडेसुद्धा वाजला. पहिल्या वर्षात नव्वद प्रोग्राम. त्यातला एकविसावा की बाविसावा झाला आणि करंजाड्याहून निरोप आला, आम्हाला सून घरात लागते, बॅनरवर नको. स्थळ गेलं, बॅनर वाढले. आता ती खारघरला चौदाव्या मजल्यावर एकटी राहते. पार्किंग दोन, गाडी एक.

आणि उरणपासून तळोज्यापर्यंत कुठल्याही घाण्याला स्पीकरवर तेच गाणं लागतं, बायका त्याच्यामागे म्हणतात. नवरी कोणी का असेना, पिवळी होते प्रेमलाच. आमच्या अंदाजाने दीड-दोन हजार वेळा तरी झाली असेल.

गेल्या रविवारी सकाळी सोनमचा घाणा होता. सोनमची आई सुचिता ही प्रेमलाची लहानपणची मैत्रीण. सोनम पाळण्यात होती तेव्हाच प्रेमलाने शब्द दिला होता, हिचा घाणा मी सांगणार.

"स्पीकर बंद करा," ती आल्या आल्या म्हणाली. "सोनमच्या नावाचा घाना म्हनायला आलेय मी."

"बस की मग. एसी नाय हां आमच्याकडं," सुचिता म्हणाली.

आधी सोळा जणींनी सेल्फी काढले. मुसळाला हात लाव असं कोणी म्हटलं नाही. ते सुवासिनींचं काम. प्रेमला चटईवर बसली आणि तिने ओळ सांगितली.

"सोनम आमची पिवली झाली."

सात मुसळं खाली आली, सात तोंडं म्हणाली, "प्रेमला आमची पिवली झाली."

हशा पिकला. "गो, आज सोनम!" सुचिता ओरडली. "जीभ वलत नाय का तुमची?"

दुसऱ्या खेपेला चार सोनम, तीन प्रेमला. ताल तुटला, मुसळावर मुसळ आदळलं. घाणा सांगण्यात म्हातारी झालेली गिरजाबाई कडेला बसली होती. तिने समजूत घातली, "चुकतंस तू, बाय. गान्यात प्रेमला हाय."

"गिरजाआत्या, नवरीचं नाव घ्यायचं, हे तुमीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं आसल. पन गानं तसंच हाय."

प्रेमलाने पाटावरच्या सोनमकडे बघितलं. निदान ही तरी म्हणेल, माझं नाव घे.

"मावशी, ओरिजिनलच म्हन ना," सोनम म्हणाली. "रील काढायचंय. माझं नाव कोन वलखतंय?"

"तुझी हलद हाय गो."

"हलद लागेलच मला. नाव काय, कोनाचं पन चालतंय."

मग प्रेमलाने स्वतःचं नाव घेतलं. सातही जणींनी एका सुरात उचललं, मुसळं ठेक्यात पडू लागली, हळद बारीक झाली. बरोबर तीन मिनिटं चाळीस सेकंद, अल्बममध्ये आहे तेवढंच.

सुचिता वड्यांचं ताट घेऊन आली. "जेवून जा गो."

"नको. तलोज्याला प्रोग्राम हाय."

त्या दिवशी तिचा कुठेही प्रोग्राम नव्हता. तिच्या तारखा आम्हाला पाठ आहेत. गाडी तळ्याकाठी सावलीत उभी होती. प्रेमला आत जाऊन बसली, काचा वर केल्या, आणि पाऊण तास गाडी हलली नाही. तेवढ्या वेळात दोघांनी काचेवर टकटक करून फोटो मागितला. दोन्ही वेळा तिने काच खाली केली आणि हसली.